हक्क कायद्यात, क्रमांक दप्तरात!

फौजदारी निकालाची नक्कल मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०४व्या कलमानुसार कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीस निकालपत्र विनामूल्य मिळते. निकालाची झळ पोहोचलेल्या इतरांस अर्ज करून व फी भरून निकालाची वा जबानीची नक्कल घेता येते. पण मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमच्या एखाद्या फिर्यादीस आपल्या खटल्याचा क्रमांकच ठाऊक नसेल, तर त्याने अर्जात लिहावे काय? संगणकावर प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांकांचा सी. एन. आर. क्रमांक असतो. तो जाणणाऱ्यास निकाल घरबसल्या दिसतो. न जाणणाऱ्यास हेलपाटेच घडतात. नक्कल तयार होण्यास लागणारे दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात; अर्जापूर्वी वाया गेलेले दिवस मात्र आपोआप वगळले जात नाहीत. आरोपी सुटला असता अपील करण्याचा पीडिताचा हक्क असा शोधाशोधीतच संपावा, हा न्याय नव्हे! न्यायालयातून फिर्यादीच्या हाती पडणाऱ्या पहिल्याच कागदावर हा क्रमांक ठळक छापावा आणि नकलेच्या अर्जाचा नमुना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यास खर्च थोडा, इच्छा मात्र हवी.