परदेशी नोकरी आणि दुर्लक्षित दाढ

कारंजा, रिसोड वा मंगरुळपीर येथील एखाद्या घरातील मुलगा विमान देखभालीचे शिक्षण पूर्ण करतो, नागपूरला मिहानमधील देखभाल केंद्रासारख्या ठिकाणी अनुभव घेतो आणि एके दिवशी परदेशातील नोकरीचे पत्र येते. मग पासपोर्ट, प्रमाणपत्रे, व्हिसा यांची धावपळ सुरू होते. त्या धावपळीत दातांची आठवण कोणालाच राहत नाही. वैद्यकीय अर्जात मात्र काही वेळा दातांसाठी स्वतंत्र पान असते आणि नेमके तेथेच घोडे अडते.

ही अट सर्वत्र सारखी नसते. आखाती देशांच्या व्हिसासाठी होणाऱ्या तपासणीत मुख्य भर क्षयरोग, हिपॅटायटीस, एचआयव्ही अशा संसर्गजन्य आजारांवर असतो. परंतु दुर्गम वा लष्करी तळांवर विमान देखभालीसाठी जाणाऱ्यांची दंततपासणी काटेकोर असते. अमेरिकी लष्कराच्या पद्धतीत चार वर्ग आहेत. उपचाराची गरज नसलेला पहिला; थोडे उपचार बाकी, पण १२ महिन्यांत तातडीचा त्रास संभवत नाही, असा दुसरा; तसा त्रास संभवतो तो तिसरा; आणि तपासणीच झालेली नाही तो चौथा. सामान्यतः पहिल्या दोन वर्गांतील व्यक्तीच पाठवणीस योग्य ठरतात.

या काटेकोरपणामागे कारण आहे. जेथे जवळपास दंतवैद्य नाही, तेथे सडलेल्या दाढेचा संसर्ग जबड्यात व मानेत पसरला, तर जिवावर बेतू शकते. शिवाय रात्रभर ठणक सोसून आलेल्या माणसाने इंजिनाचे बोल्ट तपासावेत, हे विमानातील प्रवाशांच्याही हिताचे नाही.

म्हणून पत्राची वाट न पाहता, अर्ज करतानाच दंतवैद्याकडे जावे. दात स्वच्छ करून घेणे व साधी कीड भरणे थोड्या दिवसांत होते. रूट कॅनाल करून टोपी बसवण्यास काही आठवडे लागू शकतात. आडवी अक्कलदाढ काढल्यावर हिरडी भरून येण्यास साधारण दोन आठवडे, तर आतील हाड भरण्यास काही महिने जातात. कृत्रिम दाताचे रोपण करायचे असेल, तर तीन ते सहा महिने हाताशी हवेत. दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, म्हणजे ओपीजी, आणि केलेल्या उपचारांची नोंद कागदपत्रांसोबत जपून ठेवावी. प्रगत उपचारांसाठी अमरावती व नागपूर येथे दंत महाविद्यालये आहेत. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आता आपल्या भागातील एक कटू गोष्ट. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानटपरीवरचा खर्रा तरुणांच्या खिशातून गेलेला नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होते व तोंड उघडणे हळूहळू कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील, तर तपासणी लांबवू नका. हा विकार पूर्ववत होत नाही आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. तेथे प्रश्न नोकरीचा उरत नाही, जिवाचा होतो.

‘दुखत नाही, म्हणजे दात चांगला’ हा आपला जुना समज आहे. कीड आतील नसेपर्यंत पोहोचेपर्यंत बहुधा दुखतच नाही, आणि दुखू लागते तेव्हा साध्या उपचाराची वेळ टळलेली असते. मुलाच्या बॅगेत लोणच्याची बरणी ठेवणाऱ्या आईवडिलांनी त्याआधी एवढेच विचारावे : ‘बाळा, दात दाखवून आलास का?’