भरलेली बंदूक कोण रिकामी करणार?



बंदुकीच्या परवान्याआधी प्रशिक्षणाची अट म्हणजे प्रामाणिक शेतकऱ्याला जाच, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. खरा धोका पाचोरीच्या बेकायदा पिस्तुलांचा, हा त्यांचा मुद्दा. खकनार भागातले हे गाव आम्हा बुऱ्हाणपूरकरांना चांगले ठाऊक आहे, आणि तिथला धंदा मोडलाच पाहिजे. पण ते काम पोलिसांचे. परवानाधारकाच्या घरातली भरलेली बंदूक कोण रिकामी करणार?

२०१६ च्या शस्त्र नियमांतला दहावा नियम सुरक्षित हाताळणी, साठवण, देखभाल आणि कायद्याची माहिती शिकून घ्यायला सांगतो. यात जाच कसला? रानडुकरांपासून पीक राखणारा माणूस पहाटे दमून घरी येतो आणि दुनळी तशीच कोपऱ्यात टेकवतो. घरात लेकरे असतात. आत येण्यापूर्वी नळी मोडून काडतुसे काढायची, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून पाहायच्या, बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवायची, ही सवय कागदावरच्या सहीने लागत नाही; कोणीतरी हाताला धरून लावावी लागते. वरातीत हवेत गोळी झाडणारेही पुष्कळदा परवानाधारकच असतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, पण सुटलेली गोळी खाली येतेच, हे आधी शिकवायला नको?

पत्रलेखकांची खर्चाची आणि हेलपाट्यांची तक्रार मात्र रास्त आहे. प्रशासनाने हे प्रशिक्षण जिल्ह्यातच, पेरणी-काढणीचे दिवस टाळून, माफक शुल्कात द्यावे.

— एक शेतकरी वाचक, बुऱ्हाणपूर