रविवार सगळ्यांचा एकच, तिथेच घोळ आहे

तुमच्याही फोनमध्ये एक ग्रुप असेलच. नाव ‘नक्की जायचंच’, डीपीला अकरावीतल्या सहलीचा फोटो आणि शेवटचा मेसेज ‘रात्री सांगते’. आमचा असा ग्रुप पाच जणांचा आहे. कॉलेजात असताना प्लॅन अर्ध्या तासात ठरायचा आणि अडायचा तो फक्त पैशांवर. आता चौघांच्या खात्यात पगार येतो, माझ्या खात्यात इंटर्नचा स्टायपेंड येतो. पैसे निघतात, दिवस निघत नाहीत.

गेल्या शनिवारी अखेर आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. पाच जणांच्या सुट्ट्या जुळवायला तीन आठवडे लागले. एक जण बँकेच्या सेल्समध्ये, त्याला शनिवारी दुपारी सोडतात. एक जण सीएची आर्टिकलशिप करतोय. एकीची कॉल सेंटरला नाइट शिफ्ट. एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये, तिची रविवारी सकाळी आठची ड्युटी. आणि मी. सगळ्यांचा मिळून सामाईक वेळ निघाला सतरा तास, शनिवारी दुपारी तीन ते रविवारी सकाळी आठ. त्यात ठाण्याहून जाणं, काजवे, जेवण आणि परत येणं.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण ही गोष्ट आमच्या पाच जणांची नाही, म्हणून आधी थोडा हिशेब मांडू.

पहिल्या मे महिन्याचं गणित

तुम्ही अजून कॉलेजात असाल तर हे आत्ताच वाचून ठेवा, ऑफर लेटर हातात आल्यावर उपयोगी पडेल. महाराष्ट्रात दुकानं, ऑफिसं, खासगी कंपन्या यांच्यासाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला ८ नैमित्तिक रजा म्हणजे आपल्या भाषेत सीएल आहेत आणि ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते.

ऐकायला छान आहे. आता आपल्या वयाला लावून बघा. निकाल लागून, इंटरव्ह्यू होऊन समजा ऑगस्टमध्ये नोकरी लागली. एप्रिल संपेपर्यंत नऊ महिने होतात. महिन्याला २५ दिवस काम धरलं तरी २२५ दिवस. म्हणजे आयुष्यातल्या पहिल्या नोकरीतल्या पहिल्या मे महिन्यात २४० चा आकडाच गाठलेला नसतो! उरतात सीएल. त्याही तिमाहीने खात्यात जमा होतात, तिमाहीला दोन. जानेवारी ते मार्चमध्ये एकही घेतली नसेल तर मे महिन्यात जास्तीत जास्त चार. त्यातली एक चुलतभावाच्या लग्नाला जाते, एक तापाला. छोट्या आस्थापनांना यातल्या बऱ्याच तरतुदी लागूही होत नाहीत, आणि आमच्यासारख्या इंटर्नचं तर बोलायलाच नको.

थोडक्यात, ज्या वयात भटकायची सगळ्यात जास्त खुमखुमी असते, त्याच वर्षी हातात सगळ्यात कमी रजा असतात. मग सगळे काय करतात? सगळे रविवारवर तुटून पडतात.

रविवारसुद्धा पूर्ण आपला आहे का, हा प्रश्न आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ९० तासांची भाषा केली आणि रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही याची खंत बोलून दाखवली. त्यावर मीम्स धो धो आले, आपण हसलो, आणि दुसऱ्या दिवशी ‘जस्ट अ क्विक कॉल’ला हजर झालो. सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. पण खासगी विधेयकाचं कायद्यात रूपांतर होण्याची आपल्याकडची शेवटची वेळ १९७० ची आहे. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आला. आपल्याकडे सध्या तरी फोन सायलेंटवर ठेवायची हिंमत आपली आपणच करायची.

सगळे एकाच वेळी, एकाच जागी

आता रविवारचं दुसरं टोक बघा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो रविवार होता. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा जीव गेला, पन्नासहून जास्त लोक जखमी झाले. तोही रविवारच. दोन्ही दुर्घटनांची कारणं वेगळी आहेत. पहिलीत पाण्याचा अचानक वाढलेला लोंढा होता, दुसरीत धोकादायक पुलावर मावेना इतकी माणसं होती. पण कुंडमळ्याला तोच पूल एखाद्या मंगळवारी पडला असता तर त्यावर किती जण असते, याचा विचार करा.

प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच वाक्य ऐकू येतं, ‘आजकालच्या पोरांना अक्कल नाही’. काही वेळा ते खरंही असतं. रीलसाठी कड्याच्या टोकाला जाणारे आपल्यातलेच असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या अकलेने गर्दीचा उलगडा होत नाही. मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकमधल्या लाखो नोकरदारांची सुट्टी एकाच दिवशी येते आणि सह्याद्रीत गाडीने गाठता येतील अशा जागा मोजक्याच आहेत. मग कलेक्टर बंदीचा आदेश काढतात, ती जागा बंद होते आणि गर्दी शेजारच्या धबधब्यावर सरकते.

काजव्यांचंही तेच झालंय. मेच्या अखेरीपासून पाऊस धरेपर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी या अकोले तालुक्यातल्या पट्ट्यात आणि इकडे राजमाचीला काजवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लुकलुकायला लागतात. तो प्रकाश आपल्यासाठी नसतो, ती नर-मादीची एकमेकांना खूण असते. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच. त्या काही आठवड्यांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. तिथे आपण गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन उभे. नराची खूण मादीला दिसलीच नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून? शिवाय अळ्या मातीत, जमिनीलगत असतात. आपण पार्किंगसाठी गाडी जिथे घुसवतो तिथेच.

आणि पाणी. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या गावांत पाण्याची काय अवस्था असते ते ठाऊक असेल. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. ‘बाथरूमला गरम पाणी नाहीये का?’ असं विचारण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.

तर त्या रात्री

सेल्सवाला मित्र ‘हाफ डे’ संपवून तीनच्या ऐवजी साडेचारला आला. त्याच्याकडेच गाडी होती. ट्रॅफिक पार करत आम्ही नऊनंतर भंडारदऱ्याजवळ पोचलो तर पुढे गाड्यांची ही रांग. हॉर्न, हेडलाइट, कुणाचं तरी गाणं. तासभर एकही काजवा दिसला नाही. ज्यांच्याकडे जेवणाचं सांगितलं होतं त्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढता वाढता विचारलं, “तुमी समदे शनवारीच का येता रं पोरांनो? सोमवारी काजवं काय सुट्टीवर जात्यात व्हय?” आम्ही हसलो. मावशी हसत नव्हत्या. शनिवारी त्यांना हात पुरत नाहीत, भाकऱ्या करायला माहेरून बहिणीला बोलवावं लागतं. सोमवार ते गुरुवार ओसरी रिकामी.

बारानंतर गर्दी जरा पांगली. मावशींच्या मुलाने आम्हाला चालत घरामागच्या उतारावर नेलं, फोन खिशात ठेवायला लावले. आणि मग दिसलं. एक अख्खं झाड, वरपासून खालपर्यंत, एका लयीत पेटतंय आणि विझतंय. नाइट शिफ्टवाली हळूच म्हणाली, “वर्षभरात पहिल्यांदाच रात्री स्क्रीनशिवाय काहीतरी बघतेय.” वीस मिनिटं कुणीच बोललं नाही. आमच्या ग्रुपसाठी हा विक्रम आहे.

दोन वाजता निघालो, कारण आठची ड्युटी. गाडी चालवणारा आदल्या दिवशी पहाटे पाचपासून जागा होता. आम्ही चौघंही डुलक्या घेत होतो. घोटी मागे पडली, हायवे लागला आणि कसारा घाटाच्या अलीकडे खर्रकन आवाज झाला. त्याचा डोळा लागला होता. गाडी दुभाजकाला घासत गेली, आरसा तुटला, दार चेपलं. मागून ट्रक नव्हता एवढंच आमचं नशीब. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर एका ढाब्यावर उजाडेपर्यंत आम्ही पाचही जण गप्प बसून होतो, आणि ती शांतता काजव्यांच्या झाडाखालची नव्हती.

लॅबवाली साडेनऊला पोचली. तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. ती म्हणाली, “दीड तास उशिराच जायचं होतं, तर तो दीड तास झोपून का नाही निघालो आपण?” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. बॉसला ‘उद्या उशिरा येईन’ असं आधी सांगायची आम्हाला भीती वाटली आणि पेंगत घाट उतरायची वाटली नाही. मला वाटतं, आपल्या पिढीच्या नोकरीबद्दल यापेक्षा खरं काही मला अजून लिहिता यायचं नाही.

मग जायचंच नाही का?

जायचंच! पहिल्या नोकरीत मित्र टिकतात ते अशाच रात्रींमुळे. फक्त गणित बदलू या.

रजा मागायची लाज सोडा. ती उपकार नाही, पगारासारखीच कमाई आहे. सीएल वर्षाअखेर वापरली नाही तर बुडते, त्यामुळे ‘मी वर्षभरात एकही सुट्टी घेतली नाही’ यात मिरवण्यासारखं काही नाही. जॉइन होताना पगाराइतकंच रजेचं कलम वाचा. रविवारी कामाला बोलावलं तर बदली सुट्टी लेखी मागा, आणि ती मंगळवारी घ्या. एकाच टीममध्ये असाल तर एकमेकांच्या शिफ्ट सांभाळा. आज तुम्ही तिचा मंगळवार सांभाळलात तर पुढच्या महिन्यात ती तुमचा सांभाळेल.

रात्रभर जागून गाडी चालवायची नाही, हा नियम प्लॅनच्या पहिल्या मेसेजमध्येच लिहा. मुक्काम जमत नसेल तर जागा बदला, झोप कापू नका. गाडीच हवी असंही नाही. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप किंवा एसटी. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना चार आणि सात दिवसांच्या पाससाठी अजून आहे. तुम्ही कॉलेजात आहात, तुमच्याकडे परीक्षेनंतरचे सात दिवस सलग आहेत. आम्हा नोकरदारांना त्याचा किती हेवा वाटतो म्हणून सांगू! ते दिवस वेबसिरीजवर घालवू नका आणि रविवारच्या गर्दीतही घालू नका. बुधवारी जा. मावशींची ओसरी रिकामी आहे.

आमच्या ग्रुपवर काल मेसेज आला. सेल्सवाल्याचा. गाडीच्या दाराचं बिल, त्याखाली पाच भागिले. आणि त्याखाली, ‘पुढच्या वेळी मंगळवार. मी सीएल टाकलीये. लेखी.’

चौघांनी अंगठा दिला. पाचवीने लिहिलं, ‘रात्री सांगते’.

ती पाचवी मी. हा लेख देऊन झाला की लगेच संपादकांकडे मंगळवार मागायला जातेय.