तोलामोलाच्या मैदानाविना

१९ सप्टेंबर २०१२ रोजी लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात चेल्सीची गाठ इटलीच्या युव्हेंटसशी पडली होती. चेल्सीच्या संघात त्या दिवशी ब्राझीलचा एक कृश अंगलटीचा, अवघा एकवीस वर्षांचा तरुण प्रथमच सुरुवातीपासून खेळत होता. पहिल्या अर्धात दोन-तीन मिनिटांच्या अंतराने त्याने दोन गोल केले. त्यांतील दुसरा गोल जाणकारांच्या आजही स्मरणात आहे. गोलकडे पाठ असताना त्याने एकाच स्पर्शात चेंडू असा वळवला की, पिर्लोसारखा मुरब्बी खेळाडू मागे राहिला आणि दुसऱ्याच क्षणी बऱ्याच अंतरावरून मारलेला बाकदार फटका बुफाँच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात विसावला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, परंतु ऑस्कर हे नाव त्या रात्री युरोपभर पोहोचले.

हे यश आकस्मिक नव्हते. २०११ मध्ये वीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने पोर्तुगालला ३-२ असे हरवले, तेव्हा तिन्ही गोल ऑस्करचे होते. पुढे लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदक, २०१३ चा कॉन्फेडरेशन्स चषक, चेल्सीबरोबर युरोपा लीग आणि २०१४-१५ चे प्रीमियर लीगचे अजिंक्यपद अशी त्याची वाटचाल झाली. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीने ब्राझीलची ७-१ अशी लाजिरवाणी अवस्था केली, तेव्हा ब्राझीलचा तो एकुलता एक गोलही त्याचाच होता. असा हा खेळाडू जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, इंग्लंड सोडून चीनच्या शांघाय एसआयपीजी या क्लबात गेला. त्याच्यासाठी क्लबाने चेल्सीला सुमारे सहा कोटी पौंड मोजले आणि त्याचे वेतन आठवड्याला चार लाख पौंडांच्या घरात असल्याचे वृत्तपत्रांनी सांगितले. तेथे तो तब्बल आठ हंगाम राहिला. २०२५ मध्ये तो मायदेशी, साव पावलो या आपल्या मूळ क्लबात परतला, तेव्हा त्याने वयाची तेहतीस वर्षे ओलांडली होती. फुटबॉलपटूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे चीनमध्ये खर्ची पडली होती.

या निर्णयाबद्दल ऑस्करला धनलोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि युरोपातील अनेक पंडितांनी तेव्हा तसे केलेही. तो न्याय नव्हे. साव पावलो प्रांतातील अमेरिकाना या गावी, गरीब घरात तो वाढला. तीन वर्षांचा असताना वडील अपघातात गेले. आपण कारकिर्दीपेक्षा कुटुंबाचा विचार अधिक केला, हे त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे. खेळाडूचे आर्थिक आयुष्य जेमतेम पंधरा वर्षांचे असते. एक दुखापत झाली की तेही संपते. शिवाय कोन्ते यांच्या नव्या व्यूहरचनेत चेल्सीच्या संघातील त्याचे स्थान डळमळीत झालेच होते. ज्याने दारिद्र्य पाहिलेले नाही त्याने इतरांना अपरिग्रहाचे पाठ देऊ नयेत, एवढे तारतम्य तरी आपण बाळगले पाहिजे.

परंतु निर्णय क्षम्य होता असे म्हटल्याने त्याची किंमत शून्य ठरत नाही. किंबहुना खरा विचार येथूनच सुरू होतो. या व्यवहारात नेमके काय गमावले गेले आणि ते कोणी गमावले?

आपल्याकडे तालमीत वाढलेल्या कोणाही माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही की, पैलवानाला जोड लागते. रोजच्या सरावात तोडीचा गडी नसेल तर अंगात कितीही रग असली तरी डाव बोथट होतात. फुटबॉलमध्येही हाच नियम आहे. ऑस्कर ज्या जागी खेळत असे तेथे, म्हणजे मधल्या फळीच्या पुढच्या भागात, सारा खेळ काही क्षणांच्या हिशेबाचा असतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोठे द्यायचा हे ठरवावे लागते, कारण उत्तम बचावपटू पुढच्या क्षणाला अंगावर आलेला असतो. जेथे बचावपटू थोडा उशिरा येतो तेथे विचार करण्यास अवधी मिळतो, खेळाडू अधिक देखणा दिसतो, पास अधिक अचूक जातात. मात्र त्या सवलतीची शरीराला आणि बुद्धीला सवय जडते. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपण लंगड्या गाईला उद्देशून वापरतो. पण धडधाकट गाय वर्षानुवर्षे वासरांतच राहिली तर तिच्या चालीचे काय होते, याचा विचार क्वचितच केला जातो.

शांघायमध्ये ऑस्कर अपयशी ठरला असे नाही. क्लबाने २०१८, २०२३ आणि २०२४ अशी तीन वेळा लीग जिंकली आणि त्या प्रत्येक यशाच्या केंद्रस्थानी तो होता. सहकाऱ्यांना गोल करून देण्यात त्याची बरोबरी करणारा खेळाडू त्या लीगमध्ये अभावानेच होता. तरीही ब्राझीलच्या पिवळ्या गणवेशात तो पुन्हा कधी दिसला नाही. ४८ सामने आणि १२ गोल, येथेच त्याची राष्ट्रीय कारकीर्द थांबली. २०१५ नंतरच तो संघाबाहेर गेला होता, म्हणजे चीनला जाण्यापूर्वीच, हे खरे आहे. पण संघाबाहेर गेलेला पंचविशीतला खेळाडू परतण्यासाठी ज्या कसोट्या देतो, त्या देण्याची जागाच त्याने सोडली. २०१८ आणि २०२२ हे दोन विश्वचषक त्याच्या भराच्या काळात येऊन गेले. त्या काळात तो किती मोठा झाला असता, या प्रश्नाला आता उत्तर नाही. प्रतिभेचे खरे नुकसान हे असे असते. ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पावलिन्यो हाही चीनच्या ग्वांगझू एव्हरग्रांड संघात खेळत होता. तेथून २०१७ मध्ये बार्सिलोनाने त्याला नेले आणि त्याने स्पेनची लीग जिंकली. रेनातो आउगुस्तो बीजिंगच्या क्लबात असतानाच २०१८ चा विश्वचषक ब्राझीलकडून खेळला. तेव्हा दुबळी लीग म्हणजे कारकिर्दीचा अंत, असा सरसकट सिद्धान्त मांडता येणार नाही. पेलेने तर आपली सारी ऐन वर्षे ब्राझीलच्या सांतोस क्लबात घालवली, पण त्या काळातील सांतोस १९६२ मध्ये बेनफिका आणि १९६३ मध्ये मिलान या युरोपच्या विजेत्यांना नमवत होता. लीगचा दुबळेपणा नकाशावर ठरत नसतो. दर आठवड्याला समोर कोण उभा राहतो, यावर तो ठरतो. पावलिन्यो दोन वर्षांत बाहेर पडला आणि ऑस्कर आठ हंगाम राहिला, हा फरकही लक्षात घ्यावा लागेल.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. खेळाडूने आपली उमेदीची वर्षे दिली. ती विकत घेणाऱ्या देशाला काय मिळाले? शी जिनपिंग यांनी २०११ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष असताना, चीनने विश्वचषकासाठी पात्र ठरावे, तो भरवावा आणि एक दिवस जिंकावा, अशा तीन इच्छा बोलून दाखवल्या होत्या. २०१६ मध्ये तर २०५० पर्यंत जागतिक महासत्ता होण्याची फुटबॉल योजनाच जाहीर झाली. सत्ताधाऱ्यांची मर्जी राखण्यासाठी बांधकाम व्यावसायिक आणि उद्योगसमूह क्लबांवर पैसा ओतू लागले. ऑस्कर त्याच लाटेवर शांघायला पोहोचला. मात्र तो पोहोचला त्याच वर्षी शासनाने परदेशी खेळाडूंच्या मोठ्या खरेदीवर शंभर टक्के आकारणी लावली. २०२० च्या अखेरीस वेतनावर कडक मर्यादा आली. त्याच वर्षी लीग जिंकणारा जिआंग्सू क्लब अजिंक्यपदानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, बंद पडला. आठ वेळा लीग आणि दोनदा आशियाई अजिंक्यपद मिळवणारा ग्वांगझूचा क्लब कर्जाच्या ओझ्याखाली जानेवारी २०२५ मध्ये संपुष्टात आला. चिनी फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष चेन शुयुआन यांना लाचखोरीबद्दल जन्मठेप झाली, तर राष्ट्रीय संघाचे माजी प्रशिक्षक ली टिए यांना वीस वर्षांचा कारावास. ही दोन्ही प्रकरणे २०२४ मधील. राष्ट्रीय संघ २००२ नंतर एकदाही विश्वचषकाला पात्र ठरला नाही. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा झाला, तरीही पात्रता फेरीत इंडोनेशियाकडून हरून चीन बाहेर पडला. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शिखर विकत घेता येते, पाया विकत घेता येत नाही, हे कोट्यवधींच्या खर्चानंतर उमगलेले सत्य आहे.

याच आशियात जपानने वेगळा मार्ग चोखाळला. १९९१ मध्ये झिको तेथे गेला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. मैदानातून निवृत्त होऊन त्याने ब्राझील सरकारच्या क्रीडा खात्याची धुराही सांभाळली होती. कारकिर्दीचे शिखर त्याने केव्हाच गाठले होते. त्यामुळे त्याच्या जपानला जाण्याने फुटबॉलचे काही हरवले नाही आणि जपानला मात्र शिस्त, सराव आणि व्यावसायिकता शिकवणारा गुरू लाभला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या जे-लीगने क्लबांची नावे कंपन्यांऐवजी गावांशी जोडली, प्रत्येक क्लबाला मुलांचे संघ उभारणे बंधनकारक केले आणि शंभर वर्षांचे उद्दिष्ट समोर ठेवले. १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही, आणि २०२२ मध्ये कतारमध्ये त्याने जर्मनी व स्पेन या दोघांनाही हरवले. आज जपानचे उत्तम तरुण युरोपात खेळतात, कारण आपल्या मुलांनी वरच्या मैदानावर जावे हेच त्या लीगचे यश मानले गेले.

सौदी अरेबियाने २०२३ पासून हाच प्रयोग नव्याने आरंभला आहे. तेथे केवळ उतारवयाचे खेळाडू गेले असते तर चर्चेचे कारण नव्हते. पण रुबेन नेव्हेस सव्वीसाव्या आणि गाब्री वेगा एकविसाव्या वर्षी तेथे गेले. अल हिलालने २०२५ च्या क्लब विश्वचषकात मँचेस्टर सिटीला ४-३ असे हरवले, हे मान्य करायलाच हवे. लीग वर चढू शकते याची ती खूण आहे. तथापि वेगा दोनच वर्षांनी पोर्तोमार्गे युरोपात परतला, ही गोष्टही बोलकी आहे.

या सर्वांतून आपण भारतीयांनी काय घ्यावे? २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याच्या संघात त्रेझेगे, गोव्याच्या संघात पिरेस आणि दिल्लीत देल पिएरो आले. लोकांनी गर्दी केली, छायाचित्रे निघाली. पुण्याचा तो क्लब २०१९ मध्ये बंद झाला. २०२५ मध्ये तर व्यावसायिक कराराच्या घोळात संपूर्ण लीगचा हंगामच वेळेवर सुरू होऊ शकला नाही. दुसरीकडे सुनील छेत्रीचे उदाहरण आहे. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याच्याशी करार केला होता. परंतु भारताचे जागतिक क्रमवारीतील स्थान खाली असल्यामुळे ब्रिटनने त्याला खेळण्याचा परवाना नाकारला. नंतर कॅन्सस सिटी आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगचा दुय्यम संघ येथे त्याने थोडा काळ घालवला आणि तो परतला. जून २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती स्वीकारली तेव्हा त्याच्या नावावर ९४ गोल होते, आणि पुढील वर्षी संघाला गरज भासली म्हणून त्याला पुन्हा मैदानात उतरावे लागले. ऑस्करने वरचे मैदान स्वेच्छेने सोडले; छेत्रीला त्या मैदानाचे दार उघडलेच नाही. एकाने निवड केली, दुसऱ्याला निवडीचा अधिकारच नव्हता. आपल्या चिंतेचा विषय हा दुसरा असला पाहिजे. फुटबॉलचे वेड ज्या कोल्हापूरच्या पेठापेठांत मुरले आहे, तेथील अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अशा मुलांना पुढची पायरी कोण बांधून देणार?

उत्तर कठीण नाही, कष्टाचे आहे. परदेशी खेळाडू अवश्य यावेत, परंतु शोभेसाठी नव्हे, शिकवण्यासाठी यावेत. प्रत्येक क्लबाची मुलांची तालीम असावी. आपला एखादा मुलगा बाहेरच्या चांगल्या लीगमध्ये जाऊ पाहत असेल तर येथील गलेलठ्ठ कराराने त्याला बांधून ठेवू नये. आणि त्या मुलाच्या घरच्यांना केवळ पैशापायी निर्णय घ्यावा लागू नये, एवढी आर्थिक निश्चिंती खेळाच्या व्यवस्थेनेच द्यावी. अमेरिकानाच्या त्या गरीब मुलाला ही निश्चिंती बाल्यातच लाभली असती, तर पंचविसाव्या वर्षी त्याने कदाचित वेगळा कौल दिला असता. प्रतिभा ही एका व्यक्तीची मिळकत असते, तशीच ती समाजाचीही ठेव असते. ती तोलामोलाच्या मैदानावर उतरेल अशी तजवीज करणे, हे तिचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.