चाचे पकडल्यानंतर

ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे मालवाहू जहाज सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघाले आणि वाटेतच चाच्यांच्या हाती पडले. जहाजावरील १७ जणांना चाच्यांनी तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिले. अनेक दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांचे प्राण वाचवले. दरम्यान जहाजाचे नाव आणि ध्वज दोन्ही बदलण्यात आले होते. तरीही भारतीय तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' आणि नौदलाच्या 'प्रहार' या नौकांनी पाठलाग करून नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात अडवले व चाच्यांना मुंबईत आणले. महाराणी ताराबाईंचे नाव धारण करणाऱ्या नौकेने हे काम करावे, हा योगायोगही लक्षणीय होय.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

येथे आंतरराष्ट्रीय कायद्याची मर्यादा स्पष्ट होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार, खुल्या समुद्रात खासगी लाभासाठी एका जहाजावरील लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला म्हणजे चाचेगिरी. हेच कृत्य किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, म्हणजे एखाद्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात घडले, तर ती चाचेगिरी ठरत नाही. तो त्या देशाच्या अखत्यारीतील सशस्त्र दरोडा होतो. मलाक्काच्या सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जलमार्गात चाच्यांना ही सीमा ओलांडण्यास कितीसा वेळ लागणार?

व्याख्येपेक्षाही गंभीर उणीव कर्तव्याची आहे. या कराराचे १०५ वे कलम प्रत्येक राष्ट्राला खुल्या समुद्रावर चाच्यांना पकडण्याचा व त्यांच्यावर खटला चालवण्याचा अधिकार देते, बंधन मात्र घालत नाही. सोमालियात १९९१ मध्ये मध्यवर्ती सत्ता कोसळली आणि पुढे तेथील किनारा चाच्यांचे आश्रयस्थान बनला. २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने परदेशी युद्धनौकांना सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रातही शिरण्याची अनुमती दिली. युद्धनौका आल्या, चाचे पकडलेही गेले. परंतु खटल्याचा भार नको म्हणून त्यांपैकी कित्येकांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना सोडून देण्यात आले. केनिया व सेशेल्स या तुलनेने लहान राष्ट्रांनी मात्र पाश्चात्त्य देशांशी करार करून अनेक खटले आपल्या न्यायालयांत चालवले. समर्थांनी पकडावे आणि दुर्बलांनी न्याय करावा, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

सागरी सुरक्षेविषयीच्या १९८८ च्या रोम कराराने एक पाऊल पुढे टाकले. आरोपी आपल्या भूमीवर सापडला तर त्याला संबंधित देशाच्या स्वाधीन करावे, नाहीतर स्वतः खटला चालवावा, असे बंधन त्याने सदस्य राष्ट्रांवर घातले. तथापि, आरोपीला भूमीवर आणलेच नाही, तर हे बंधन लागू कसे होणार?

भारताने मात्र बोध घेतला, जरी विलंबाने. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केला. मार्च २०२४ मध्ये सोमालियाच्या चाच्यांनी बळकावलेले 'रुएन' हे जहाज भारतीय नौदलाने सोडवले, १७ खलाशांची सुटका केली आणि शरण आलेल्या ३५ चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. या वेळी कायदा हाताशी होता.

साक्षीदारांचा प्रश्न मात्र अद्याप उरतोच. 'अलोंड्रा रेनबो'वर पनामाचा ध्वज होता, मालक जपानी होते आणि बहुतेक खलाशी फिलिपिन्सचे. खटला उभा राहिला मुंबईत. अशा वेळी साक्षीसाठी कोणी, कोठून, किती वेळा यावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याविषयी १९८२ चा करार मौन बाळगतो.