टाचेला बिब्बा लावण्यापूर्वी

कुणी चांगल्या कामात मोडता घातला की आपण म्हणतो, याने बिब्बा घातला. भाषेला बिब्ब्याचा गुण बरोबर ठाऊक आहे. पण टाच दुखू लागली किंवा पायाला भेगा पडल्या की तोच बिब्बा सुईला टोचून, दिव्यावर तापवून त्याचे तेल कातडीवर टिपताना आपल्याला काहीच वाटत नाही.

मध्यंतरी एक बाई दवाखान्यात आल्या. भेगांवर बिब्बा लावून तीन दिवस झाले होते. घोट्यापर्यंत पाय फोडांनी भरला होता. तेलाचा हात नकळत तोंडाला लागला असावा, कारण पापण्या सुजून डोळे मिटले होते. त्यांचे म्हणणे असे, "डॉक्टर, आमच्या सासूबाई दरवर्षी लावतात, त्यांना कधी काही झालं नाही. आणि ही तर झाडाची वस्तू. यात केमिकल कुठलं?"

हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या घरांतूनही ऐकू येतो, म्हणून आज त्यावरच लिहितो.

बिब्ब्याच्या टरफलातले काळे तेल फिनॉल वर्गातील द्रव्यांचे बनलेले असते. या वर्गातले सर्वांत साधे द्रव्य म्हणजे कार्बोलिक आम्ल. १८६५ साली ग्लासगो येथे डॉ. जोसेफ लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून ते वापरले आणि शस्त्रक्रियेचे रूप पालटले. पण त्याच आम्लाने शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हातांची कातडी सोलून निघे. फिनॉल झाडातून आले की कारखान्यातून, याची कातडीला पर्वा नसते. हळदीत, लवंगेत, ओव्यात, चहातही फिनॉल वर्गातील द्रव्ये आहेत व ती आपण रोज सुखाने खातो. मात्र लवंगेचे निव्वळ तेल दाढेऐवजी हिरडीला लागले तर काय होते, हे ज्याने भोगले त्याला विचारावे.

बिब्ब्यातले द्रव्य याहून खोडकर. त्याला तेलकट लांब शेपूट असते, त्यामुळे ते कातडीत चटकन मुरते. तेथे ते आपल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराला ती प्रथिने परकी वाटू लागतात. पहिल्या वेळी बहुधा काही जाणवत नाही. शरीर फक्त ओळख ठेवते. पुढच्या वेळी एकदोन दिवसांत खाज, सूज, फोड. यालाच आपल्याकडे 'बिब्बा उतणे' म्हणतात. कुणाचे शरीर ही ओळख ठेवील हे आधी सांगता येत नाही. सासूबाईंना काही झाले नाही, ते त्यांचे नशीब. सुनेला तो दाखला उपयोगाचा नाही.

पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बाच वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणेच्या जागी पुरळ उठे. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी त्याचे कारण शोधून लिहून ठेवले. धुतलेल्या कपड्यावरची वाळलेली खूण हा प्रताप करते, मग ताज्या तेलाचे काय सांगावे! आंब्याच्या देठाचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल ही त्याचीच भावंडे. काजू सोलणाऱ्या बायकांची काळवंडलेली, सोललेली बोटे कोकणात कुणी पाहिली नाहीत? हातमोजे देणे मालकाचे काम आहे. राख किंवा तेल चोळून घेणे हा त्याला पर्याय नव्हे.

आयुर्वेदावर हा राग नाही. उलट आयुर्वेदानेच भल्लातक विषारी द्रव्यांत धरला आहे आणि विटेच्या भुग्यात घोळून शोधन केल्याशिवाय तो वापरू नये असे सांगितले आहे. सरकारी औषध नियमांतही तो विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. शास्त्राने इतकी काळजी घ्यावी आणि आपण दुकानातून मूठभर आणून दिव्यावर धरावा, याला परंपरा कसे म्हणायचे? माझे मत स्पष्ट आहे. कच्चा बिब्बा घरी कुणीही अंगाला लावू नये, लहान मुलांना तर मुळीच नाही. पोटात घेण्याचा तर विचारही नको. या झाडाच्या रसाने मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये केली आहे. काष्ठौषधी विकणाऱ्यांनीही पुडी बांधताना दोन शब्द सांगावेत.

बिब्बा लागलाच तर ताबडतोब साबण व भरपूर पाण्याने जागा धुवावी, नखेही घासावीत, अंगावरचे कपडे बदलावेत. खाजेवर गार पाण्याची घडी ठेवावी. फोड फोडू नयेत. फोडातल्या पाण्याने आजार पसरतो ही समजूत चुकीची आहे. पसरते ते हाताला राहिलेले तेल. चेहरा सुजला, लघवी कमी झाली किंवा फोड फार असले तर घरी थांबू नये. उरलेले बिब्बे चुलीत टाकू नयेत, धुरानेही डोळे सुजतात.

त्या बाई पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या. डाग मात्र अजून आहेत. सासूबाईंनी उरलेले बिब्बे परसात खोल पुरले, असे त्यांनी परवा सांगितले.