विसाव्याची विसरलेली बाजू

बायबलच्या जुन्या करारात दहा आज्ञांची यादी दोनदा येते आणि तिच्यातल्या शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे आहे. निर्गमाच्या पुस्तकात सृष्टी घडवून सातव्या दिवशी थांबलेल्या देवाची आठवण आहे. अनुवादाच्या पुस्तकात मात्र मिसरातल्या दास्याची, आणि म्हणूनच तिथे दासदासींना धन्यासारखाच विसावा मिळावा असे बजावले आहे. पहिले कारण चर्चच्या स्मरणात राहिले. दुसरे वारंवार निसटत गेले.

अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथ दिवशी बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी संतापला. त्याच दिवशी आपण बैलाला पाण्यावर नेण्यासाठी सोडतो, याचा मात्र त्याला विसर पडला होता. पुढे 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये आणि नगरांतली कारागिरी थांबवली, पण शेतीला मोकळीक ठेवली. म्हणजे विसावा कायद्यात आला तोच शेतात राबणाऱ्याला वगळून.

सतराव्या शतकात जहांगीराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलेल्या गुरू हरगोविंदांना सुटका मिळाली, तेव्हा सोबतचे 52 राजे सुटल्याखेरीज त्यांनी बाहेर पडायचे नाकारले, असे शीख परंपरा सांगते. ही घटना ख्रिस्ती इतिहासाबाहेरची खरी, पण सोबतच्यांनाही मोकळीक मिळावी हा शब्बाथाचा गाभा समजून घ्यायला तिच्याइतकी जवळची साक्ष ग्वाल्हेर शहरात दुसरी नाही.

मराठी मुलखात कोकणातले बेने इस्रायली यहुदी तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गिरणी कामगारांचा रविवार मात्र कुठल्या चर्चने मिळवून दिलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून तो मागितला, खंडोबाचा वार म्हणून मागितला, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी तो मान्य केला. पगार वेळेवर मिळावा, जखमी कामगाराला भरपाई मिळावी, याही त्यांच्या मागण्या होत्या. विसावा आणि भाकरी यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही.

ही फारकत काय करते ते ग्वाल्हेरने पाहिले आहे. 1921 मध्ये सुरू झालेली जियाजीराव कॉटन मिल शतकाच्या अखेरीस बंद पडली आणि बिर्लानगरातल्या कामगारांवर हक्काच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षे झगडण्याची वेळ आली. सातव्या वर्षी मुक्त केलेल्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, असे त्याच अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे.

आज शब्बाथावर बोलताना मनःशांतीचा, थकलेल्या जिवाला मिळणाऱ्या उभारीचाच विषय निघतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. 1948 च्या कारखाना कायद्यातली साप्ताहिक सुट्टी कारखान्यापुरती होती. रविवारच्या उपासनेनंतर मागवलेले जेवण घेऊन ग्वाल्हेरमधल्या महाराजबाड्याच्या गर्दीतून दुचाकी हाकणाऱ्या मुलाला एक दिवस थांबायचे तर त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडावे लागते. शहरातल्या मुरारच्या आणि लष्करच्या चर्चमध्ये अनुवादातली ती शब्बाथाची आज्ञा वाचली जाईल, तेव्हा दासदासींच्या यादीत त्यालाही मोजावे आणि त्याच्या सुट्टीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न तिथेच, उपासकांसमोर मांडावा.